भिंत, लय आणि नाव : ‘बॉम्ब रश सायबरफंक’चे परीक्षण

नेदरलँड्समधील ‘टीम रेप्टाइल’ या छोट्या, स्वतंत्र निर्मितिसंस्थेने २०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘बॉम्ब रश सायबरफंक’ हा व्हिडिओ गेम प्रसिद्ध केला. स्केट्स, स्केटबोर्ड किंवा सायकल यांवरून एका काल्पनिक नगरात संचार करावयाचा, कठड्यांवरून घसरत कसरती करावयाच्या आणि पोलिसांना चुकवीत भिंतींवर ग्राफिटी उमटवावयाची, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. कलेच्या व वाङ्मयाच्या अभ्यासकाने अशा खेळाची दखल घ्यावी काय, हा प्रश्न उपस्थित होणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आरंभीच देऊन टाकण्यापेक्षा ते कृतीच्या परीक्षणातून निघू द्यावे, हे अधिक इष्ट. ज्या कृतीला स्वतःचा घाट आहे आणि जिचे पूर्वपरंपरेशी असलेले नाते विचार करावयास लावते, ती समीक्षेला वर्ज्य असू नये, एवढेच येथे गृहीत धरले आहे.

या खेळाची परंपरा शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. जपानमध्ये २००० साली ‘स्माइलबिट’ या संस्थेने सेगाच्या ड्रीमकास्ट यंत्रासाठी ‘जेट सेट रेडिओ’ निर्माण केला. ठळक काळ्या बाह्यरेषा आणि सपाट, भडक रंग यांमुळे चलच्चित्राप्रमाणे भासणारी त्याची चित्रशैली त्या काळी अगदी नवी होती. ‘जेट सेट रेडिओ फ्यूचर’ हा त्याचा पुढचा अवतार २००२ मध्ये आला. त्यानंतर ही शाखा जवळजवळ खुंटली. ‘बॉम्ब रश सायबरफंक’ने हा वारसा उघडपणे स्वीकारला आहे. इतकेच नव्हे, तर मूळ खेळाचे संगीतकार हिदेकी नागानुमा यांच्या काही रचनाही त्यात आहेत. तेव्हा हे निव्वळ अनुकरण आहे, असा आक्षेप सहज घेता येईल. परंतु ऋण मान्य करणारी कृती आणि ऋण लपविणारी कृती यांत भेद केला पाहिजे. खरा प्रश्न एवढाच, की घेतलेल्या शैलीत या कृतीने कशाची भर घातली आणि काय गमावले.

भर पडली आहे ती गतीच्या रचनेत. या खेळात एकामागून एक कसरती न थांबता जोडल्या, की त्यांची एक साखळी, म्हणजे कॉम्बो, तयार होतो. पाय जमिनीला लागले, की साखळी तुटावयाची. पण जमिनीवरही विशिष्ट पवित्र्यात घसरत राहिल्यास ती टिकते. कठड्याच्या वळणावर अंग झोकून दिले, की गुणांचा गुणक वाढतो. मात्र एकाच वळणाशी घुटमळून तो वाढत नाही. त्यासाठी सतत नवे कोपरे शोधावे लागतात. परिणामी खेळाडू नगराकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतो. जिना, पन्हळ, जाहिरातीचा फलक, पुलाची कड या वस्तू आपला नेहमीचा उपयोग सोडून एका अखंड रेषेचे बिंदू बनतात.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध व समतोल या लयीच्या तीन तत्त्वांचा विचार मांडला. त्यांचा येथील उपयोग मूळ क्षेत्राबाहेरचा आहे, याची जाणीव ठेवूनही ही तत्त्वे या खेळाला चपखल लागू पडतात, असे म्हणावयास हरकत नाही. एक कठडा दुसऱ्याकडे नेतो, हा संवाद. मध्ये येणारी पोकळी, उंच भिंत आणि पोलीस, हा विरोध. आणि जमिनीवरील ते घसरणे, ज्याच्या आधारे तुटू पाहणारी साखळी सावरली जाते, तो समतोल. केवळ गतीचा विचार केला, तर ही कृती आपल्या पूर्वसूरींहून सरस आहे. ‘जेट सेट रेडिओ’तील हालचाल जड होती आणि डोक्यावर घड्याळाचे बंधन होते, येथे खेळाडू मुक्तपणे वाहत जातो.

परंतु हा खेळ केवळ गतीचा नाही. तो ग्राफिटीचाही आहे, आणि ग्राफिटीचा गाभा चित्र हा नसून नाव हा आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९७१ च्या जुलैमध्ये ज्या तरुणाची दखल घेतली, तो शहरभर ‘टाकी १८३’ एवढेच लिहीत असे : स्वतःच्या नावाचे लघुरूप आणि आपल्या रस्त्याचा क्रमांक. पुढे भुयारी रेल्वेचे डबे या नावांनी भरून गेले. जो आपले नाव शहराच्या सर्व भागांत पोहोचवील, तो श्रेष्ठ, असा त्या मंडळींचा दंडक होता. अखेर १९८९ च्या मे महिन्यात ग्राफिटी असलेली शेवटची गाडी सेवेतून काढून घेण्यात आली. ज्याला कोणी विचारीत नाही, त्याने आपले अस्तित्व ज्या शहराला वाचावयास लावले, तेच शहर ते पुसून टाकते. या लेखनाची सारी तीव्रता ह्या ताणात आहे.

‘बॉम्ब रश सायबरफंक’च्या निर्मात्यांना हे ठाऊक नाही, असे नाही. त्यांच्या नगराचे नाव ‘न्यू ॲमस्टरडॅम’ आहे. १६६४ मध्ये इंग्रजांच्या हाती जाऊन न्यूयॉर्क बनलेल्या डच वसाहतीचे हेच नाव होते. टोळ्यांची स्पर्धा ‘ऑल सिटी किंग’ होण्यासाठीच आहे. कथेचा नायक तर असा, की त्याचे मस्तक आरंभीच छेदले जाते. यांत्रिक मस्तक धारण करून तो ‘रेड’ या नव्या नावाने वावरतो आणि आपण मूळचे कोण, याचा शोध घेतो. नाव हरवलेला मनुष्य आणि नाव लिहिण्याची कला यांना एकत्र आणणारी ही कल्पना खरोखर समर्थ आहे.

दुर्दैवाने ती कथेत राहते, खेळाच्या कृतीत उतरत नाही. खेळाडू भिंतीसमोर उभा राहून काही बिंदू विशिष्ट क्रमाने जोडतो, आणि त्या क्रमानुसार आधीच तयार असलेली एखादी आकृती भिंतीवर उमटते. तो निवड करतो, लिहीत मात्र नाही. याउलट, ‘जेट सेट रेडिओ’त खेळाडूला स्वतःची ग्राफिटी रेखाटण्याची सोय होती. तेथे रंगाचे डबे गोळा करावे लागत, ते संपत. मोठी आकृती काढताना पोलीस अंगावर येत. ती अडचण त्रासदायक होती, पण तिच्यामुळे प्रत्येक भिंतीला किंमत येत असे. नव्या खेळात पोलिसांचा ससेमिरा लागला, तर फिरत्या शौचालयात शिरून कपडे बदलावे, की कायदा त्याला विसरून जातो. कल्पना गमतीची आहे; परंतु जिथे ओळख वस्त्राइतकी सहज उतरते, तिथे नाव लिहिण्याची जोखीम उरत नाही.

ही जोखीम काल्पनिक नव्हे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील ‘फाइव्ह पॉइंट्स’ या ग्राफिटीने मढलेल्या इमारतीवर २०१३ मध्ये मालकाने रातोरात पांढरा रंग फासला. कलावंत न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये एकवीस जणांना मिळून सुमारे ६७ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली; २०२० मध्ये वरिष्ठ न्यायालयानेही तो निर्णय कायम केला. भिंत एकाची, चित्र दुसऱ्याचे, आणि दोहोंचा हक्क खरा, असा हा पेच आहे. खेळात त्याचे प्रतिबिंब जवळजवळ नाही. तेथील भिंतीचा मालक कोण, हे कोणी विचारीत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याकडून जिंकलेली भिंत सामान्यतः जिंकलेलीच राहते.

यावर असे म्हणता येईल, की हा गतीचा खेळ आहे, त्याच्याकडून समाजशास्त्राची अपेक्षा का करावी? आक्षेप रास्त आहे. पण अपेक्षा समाजशास्त्राची नसून घाटाची आहे. गतीच्या अंगाने या कृतीत विरोध आहे, म्हणूनच तेथे लय आहे. लेखनाच्या अंगाने विरोध काढून टाकला गेला, म्हणून तेथे केवळ अलंकार उरला. एकाच कृतीच्या दोन अंगांत दिसणारा हा भेद तिच्या स्वतःच्याच कसोटीने सिद्ध होतो. बाहेरून लादावा लागत नाही.

तात्पर्य, नगर कसे वाचावे, हे हा खेळ उत्तम शिकवितो. नगरावर कसे लिहावे, हे तो सांगू शकत नाही. पहिली सिद्धी लहान नाही, आणि ज्याने ती अनुभवली, त्याला रस्त्यावरचा साधा कठडादेखील पूर्वीसारखा दिसणार नाही. परंतु आपले मस्तक शोधणाऱ्या नायकाच्या हाती रंगाचा डबा देऊन त्याला स्वतःचे नाव लिहू न देणे, ही उणीव या कृतीच्या ऐन मर्मस्थानी आहे, एवढे नमूद केलेच पाहिजे.