यंत्रपुरुषांचें पुराण

लहान मुलांच्या खेळण्यांसाठीं या मासिकानें पानें खर्चीं घालावीं, हें आमच्या कांहीं वाचकांस चमत्कारिक वाटेल. आम्हांसही तें तसेंच वाटलें असतें. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या घरांतील सात वर्षांच्या मुलानें आम्हांस एक प्रश्न विचारला आणि आम्ही निरुत्तर झालों. त्याच्या हातांत एक बाहुलें होतें. सांधे फिरविले कीं त्याची मालमोटार होई, उलट फिरविले कीं हातापायांचा यंत्रपुरुष उभा राही. "आबा," तो म्हणाला, "यांचा देव झोपलेला कां असतो?" खेळण्यांस देव असतो, हेंच आम्हांस ठाऊक नव्हतें. शोध केला तेव्हां असें दिसलें कीं, 'ट्रान्सफॉर्मर्स' नांवाच्या या खेळण्यांभोंवतीं गेल्या चाळीस वर्षांत एक अख्खें पुराण रचलें गेलें आहे. आणि तें केवळ उपहासानें सोडून द्यावें असें नाहीं.

या पुराणाचा उगम बाजारांत आहे. जपानांतील ताकारा कंपनीच्या 'डायाक्लोन' व 'मायक्रोमॅन' या मालिकांतील बाहुलीं अमेरिकेंतील हॅस्ब्रो कंपनीनें घेतलीं आणि १९८४ सालीं नवें नांव देऊन विक्रीस मांडलीं. माल आधीं तयार होता, कथा मागाहून आली. मार्व्हल या चित्रकथांच्या प्रकाशनसंस्थेकडे ती सोंपविण्यांत आली. जिम शूटर यांनीं आराखडा केला व बॉब बुडियान्स्की यांनीं बहुतेक बाहुल्यांस नांवें आणि स्वभाव दिले. सायबरट्रॉन हा धातूचा ग्रह, त्यावर ऑटोबॉट व डिसेप्टिकॉन या दोन पक्षांचें युद्ध, एकीकडे ऑप्टिमस प्राइम व दुसरीकडे मेगाट्रॉन, एवढीच मूळची मांडणी. तींत देव कोठेंच नव्हता. परंतु "यांना केलें कोणीं?" हा प्रश्न मुलांच्या मनांत उठल्यावांचून राहत नाहीं, आणि कथाकारांस त्याचें उत्तर देणें प्राप्त झालें.

उत्तरें दोन मिळालीं. १९८६ च्या चित्रमालिकेंत असें सांगितलें कीं, क्विंटेसन नांवाच्या क्रूर जातीनें हीं यंत्रें विक्रीसाठीं व चाकरीसाठीं कारखान्यांत घडविलीं, आणि पुढें तीं धन्यावर उलटलीं. देवांचे कष्ट वाहण्यासाठींच मनुष्य निर्माण झाला, अशी जी बाबिलोनी कथा आहे तिची ही सावली होय. दुसरें उत्तर सायमन फर्मन या लेखकानें १९८८ सालीं ब्रिटनमधील चित्रकथेंत दिलें. अनादि काळीं प्रायमस हा प्रकाशाचा व युनिक्रॉन हा विध्वंसाचा, असे दोन देव झुंजत होते. बळानें जय मिळणें नाहीं, हें ओळखून प्रायमसानें शत्रूस भुलवून जड सृष्टींत ओढिलें, आणि दोघेही पाषाणाच्या पिंडांत अडकले. युनिक्रॉन पुढें ग्रह गिळणारा ग्रहरूप राक्षस झाला. प्रायमसानें आपल्या देहाचाच सायबरट्रॉन केला, त्यावर आपल्या तेजाच्या अंशानें रूपें पालटणारे रक्षक निर्मिले, आणि वैऱ्यास आपला ठाव लागूं नये म्हणून तो निद्रिस्त झाला.

या कथेंत धर्मग्रंथांशीं साम्यें शोधणाऱ्यांस सामग्री हवी तितकी आहे. 'प्रायमस' म्हणजे लॅटिनमध्यें 'पहिला'. नायकाच्या छातींत वसणारी 'मेट्रिक्स' ही पवित्र वस्तु. तिच्या नांवाचा मूळ अर्थ गर्भाशय. रक्षकांच्या नौकेस 'आर्क' हें नोहाच्या तारवाचें नांव. मागाहून आद्य वीर तेरा ठरले व त्यांतील एक पतित निघाला; २००३ सालच्या चित्रकथेंत तो प्रथम दिसतो, आणि त्यांत यहूदा व सैतान हे दोघे एकाच वेळीं डोकावतात. २०१३ सालीं तर या सर्वांचा धर्मग्रंथाच्या थाटाचा एक ग्रंथच प्रसिद्ध झाला. परंतु आमच्या मतें हीं साम्यें बहुतांशीं अलंकार आहेत. नांवावरून गोत्र ठरवूं नये. देवळाचा कळस दुकानावर चढविल्यानें दुकानाचें देऊळ होत नाहीं.

खरें साम्य निराळ्या ठिकाणीं आहे, आणि तें नांवांत नसून रचनेंत आहे. जरथुष्ट्री धर्माच्या 'बुंदहिश्न' या पहलवी ग्रंथांत अहुरमज्द हा अहरिमनाचा हल्ला आधींच जाणतो, झुंजीस नऊ हजार वर्षांची मुदत घालतो, आणि ही दृश्य सृष्टि निर्माण करितो. अहरिमन तींत शिरतो खरा, पण त्यास बाहेर पडतां येत नाहीं. आकाश हेंच दुर्गाचा तट होतें. सृष्टि ही शत्रूस कोंडण्याची जागा आहे! मुक्तादच्या दिवसांत आमचे मुंबईचे पारशी शेजारी ज्या फ्रवशींचें स्मरण करितात, त्या मनुष्यांच्या फ्रवशींस अहुरमज्द विचारतो कीं, तुम्हीं येथें सुरक्षित राहावें, कीं देह धारण करून लढावें? त्या लढणें पत्करितात. फर्मन यांनीं हा ग्रंथ वाचला होता, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, पाप सर्वत्र मोकळें फिरण्यापेक्षां तें एका देहांत बांधलें जावें, आणि त्यासाठीं देवानेंही बंधन पत्करावें, ही कल्पना दोन्हीकडे आहे. आणि ती थोर आहे. भेदही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. अहुरमज्द निवड करण्यास सांगतो. प्रायमसाचे रक्षक पहाऱ्यासाठींच जन्मास येतात, त्यांस कोणी विचारीत नाहीं.

याच कल्पनेंतून या पुराणांतील सर्वोत्तम प्रसंग निघाला आहे. रक्षक आपण कशासाठीं जन्मलों हें विसरतात आणि लक्षावधि वर्षें आपसांत लढत राहतात. अखेर त्यांच्याच झुंजीनें निद्रिस्त प्रायमस डिवचला जातो. त्याची किंकाळी विश्वांत घुमते आणि ती युनिक्रॉनास ऐकूं जाते. शत्रूस घराचा पत्ता घरांतल्या भांडणानें कळला, हें सांगण्यास एकही उपदेशाचें वाक्य लागलेलें नाहीं. शेवटीं दोन्ही पक्ष एक होतात, तेव्हांच युनिक्रॉनाचा नाश होतो. मोठमोठ्या कादंबऱ्यांत शोधूनही न सांपडणारा हा गुण आम्हांस बाहुल्यांच्या चित्रकथेंत सांपडला, हें कबूल करण्यास आम्हांस लाज वाटत नाहीं.

मग उणें कोठें आहे? शेवटांत. जरथुष्ट्री कथेंत पापाची मुदत ठरलेली आहे. अंतीं सृष्टीचें नूतनीकरण होतें आणि युद्ध संपतें. दुकानाच्या पुराणास ही मोकळीक नाहीं, कारण युद्ध संपलें तर माल संपला. १९८६ च्या बोलपटांत ऑप्टिमस प्राइमास मारण्यांत आलें, तें जुनीं बाहुलीं काढून नवीं पुढें आणण्यासाठीं. प्रेक्षागृहांत मुलें रडलीं, पुष्कळ निषेध झाला, आणि १९८७ सालीं त्यास पुन्हां जिवंत करावें लागलें. कोणी यास ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाची उपमा देतात; आम्हांस ती पटत नाहीं. तेथें मरणास अर्थ होता म्हणून परत येण्यास अर्थ आला. येथें मरण व्यापारी कारणानें आलें व पुनर्जन्मही त्याच कारणानें झाला. खरे होते ते मुलांचे अश्रूच काय ते!

यावर कोणी म्हणेल, आमच्या पुराणांतही एका कथेचे दहा पाठ आहेत, आणि मेळ बसत नसेल तेथें 'तो कल्प निराळा' असें सांगतात. खरें आहे, पाठभेदांस आम्ही दोष देत नाहीं. २०२४ च्या बोलपटानें तर मूळचीं दोन उत्तरें एकत्र आणून मजुरांचें दैन्य आणि प्रायमसाचा अंश यांचा चांगला सांधा जुळविला आहे. रूपांतराची शक्ति जन्मतःच हिरावून घेतलेले खाणकामगार, आणि क्विंटेसनांशीं गुप्तपणें मिळालेला त्यांचा खोटा पुढारी, ही कल्पना पोरकट नव्हे. परंतु आमच्या कथांतील मरण तें मरणच असतें. मौसलपर्वांत यादव आपसांत लढून नाहींसे होतात, श्रीकृष्ण देह ठेवितो, आणि श्रोत्यांनीं कितीही डोळे पुसले तरी कीर्तनकार दुसऱ्या दिवशीं निराळा शेवट सांगत नाहीं. ती निष्ठुरता हीच त्या कथांची सचोटी होय.

म्हणून आईबापांस आमची सूचना अशी कीं, हीं बाहुलीं हिरावून घेऊं नयेत व मुलांच्या पुराणास हंसूंही नये. तें ऐकून घ्यावें, आणि कथेनें अर्धवट टाकिलेला प्रश्न मुलांपुढें ठेवावा. आम्हीं त्या मुलास इतकेंच सांगितलें कीं, देव झोंपला आहे तो या पहारेकऱ्यांवर भरंवसा टाकून. आणि पहारेकरी भांडत बसले आहेत. तो बराच वेळ हातांतल्या बाहुल्याकडे पाहत राहिला. मग त्यानें विचारलें, "मग हें त्यांना कोणी सांगत कां नाहीं?" या दुसऱ्या प्रश्नासही आमच्याजवळ उत्तर नव्हतें, पण तो त्यास सुचला, यांतच त्या कथेचें सार्थक झालें असें आम्ही समजतों.