साखळी तुटू न देणारे मामंजी

मस्कतमधील आपल्या मंडळाचे भजनी पथक आज भक्कम उभे आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यामागच्या एका माणसाचे ऋण मला मानायचे आहे: माझ्या मामंजींचे. मुरगाव बंदरात नोकरी, वास्कोत बिऱ्हाड आणि संध्याकाळी मांडीवर पखवाज, असे त्यांचे आयुष्य गेले. बिदागी घेऊन ते कधी वाजवायला बसले नाहीत.

त्यांची कला समजून घ्यायची तर वास्कोचा सप्ताह समजून घ्यायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे साथीचा कहर झाला. तेव्हा लोकांनी जांबावलीच्या श्री दामोदराला साकडे घातले, देवाचे श्रीफळ आणले आणि त्यापुढे अखंड भजन केले. आजही श्रावणात नागपंचमी झाली की वास्कोच्या दामोदर मंदिरात श्रीफळ ठेवून चोवीस तास भजन चालते. बाजारकर, दैवज्ञ, नाभिक अशा समाजांचे पार, म्हणजे मिरवणुका, रात्री वाजतगाजत येतात, बाहेर जत्रेच्या फेरीत पाय ठेवायला जागा नसते. आत मात्र एक पथक उठण्याआधी दुसरे येऊन बसते. दुसऱ्या दिवशी श्रीफळ समुद्रात विसर्जित होते, तोवर सूर थांबत नाही.

मामंजी या साखळी भजनात वाढले. पहाटेची वेळ ते आवर्जून मागून घेत. गायकांचे गळे बसलेले असतात, श्रोते पांगलेले असतात, त्या वेळी ठेका धरून ठेवणारा माणूस लागतो, असे ते म्हणत. घरात सगळे कोंकणी बोलायचे. ज्ञानोबा-तुकोबांचे अभंग मात्र मराठीत, शब्द न शब्द पाठ. मी पुण्याची. लग्नानंतर पहिल्याच श्रावणात त्यांनी माझ्या हातात झांजा दिल्या. “सूनबाई, ऐकत काय बसलात? वाजवा. चुकलं तर पखवाज सांभाळून घेईल,” एवढेच म्हणाले. त्यांनी खरोखरच सांभाळून घेतले. बायकांची पथके तेव्हा आजच्याइतकी दिसत नसत, पण त्यांना त्याचे काही वाटले नाही.

निवृत्तीनंतर ते हिवाळ्यात आमच्याकडे मस्कतला येऊ लागले. सोबत पखवाज असायचाच. वास्कोच्या पावसात चामडे सैल पडायचे, इथे एसीच्या कोरड्या हवेत ते ताणून स्वर चढायचा. मग हातोडीने गठ्ठे सरकवत, डाव्या तोंडावर कणीक लावून ते धीराने स्वर जुळवत बसत. शेजारची मुले भोवती जमत. शुक्रवारच्या सुटीत त्यांनी त्या मुलांना भजनी ठेका शिकवायला सुरुवात केली. आधी टाळीवर, मग मांडीवर, मग पखवाजावर. हात बसेपर्यंत लय वाढवायची नाही, हा त्यांचा एकच कडक नियम. गजरात लय चढवण्याचा मोह मोठ्यांनाही आवरत नसे, तेव्हा ते नुसते मान वर करून बघत, आणि सगळे ठेक्यावर परतत.

मामंजी आता नाहीत. तरी शुक्रवारची बैठक मोडली नाही, आणि याचे श्रेय आपल्या पथकाचे आहे. शिफ्टची नोकरी सांभाळून पेटी वाजवणारे आपले काका, अभंग देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून मुलांपुढे ठेवणाऱ्या वहिनी, सतरंज्या अंथरण्यापासून चहापर्यंत सगळे पाहणारे तरुण जोडपे, या सर्वांनी ही कला परमुलखात जपली. गल्फमधली माणसे कायमची राहत नाहीत. कुणाचा करार संपतो, कुणाची बदली होते, मुले शिकायला दुसरीकडे जातात. गायक कितीही चांगला असला तरी एकट्यावर विसंबलेले पथक अशा गावात टिकत नाही. जाण्याआधी आपली जागा दुसऱ्याला शिकवून जायची, ही वास्कोची रीत इथे उपयोगी पडली. म्हणूनच आज पखवाजाला तीन हात तयार आहेत आणि त्यातला एक आमच्या मुलीचा आहे.

यंदा श्रावणात आपणही मस्कतमध्ये अखंड भजन करायचे ठरवले आहे. चोवीस तास शक्य नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत करू. गाणे येत नाही म्हणून कुणी मागे राहू नये. झांजा पुरेशा आहेत, आणि चुकणाऱ्याला पखवाज सांभाळून घेईल.