भाडेपावती वाचताना

गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्या माझ्या आत्याकडे एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात वर्षावर्षाच्या भाडेपावत्या सुतळीने बांधून ठेवलेल्या आहेत. त्यांतली एक आज आपण हातात घेऊ आणि एखादी कविता वाचावी तशी सावकाश वाचू. तळहाताएवढा पिवळट कागद. वर घरमालकाचं नाव, खाली खोलीचा नि मजल्याचा क्रमांक, मेहताजींच्या तिरप्या अक्षरात महिना, मग भाडं ११२ रुपये, आणि दुरुस्तीच्या उपकराचा वेगळा रकाना. आत्याचं महिन्याचं दूध याहून कितीतरी महाग पडतं. तरीही हा कागद ती जिवापाड जपते. "पावती गेली की घर गेलं," असं ती म्हणते, आणि त्यात अतिशयोक्ती नाही, कारण भाडेकरूपणाचा पुरावा म्हणून तिच्यापाशी हाच कागद आहे.

त्या ११२ च्या आकड्यावर थोडं रेंगाळू. त्याचं मूळ फार मागे, १ सप्टेंबर १९४० या एका दिवसात आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने 'प्रमाणित भाडं' नावाची कल्पना रुजवली: त्या दिवशी खोलीचं जे भाडं होतं, तेच तिचं प्रमाण. युद्धाची महागाई, गिरण्यांकडे येणारे लोंढे, त्यातच फाळणीनंतर निर्वासितांची भर, अशा शहरात घरमालकाने उद्या दुप्पट भाडं मागितलं तर बिऱ्हाडाने जायचं कुठे? या प्रश्नामागची कणव अस्सल होती, आणि ती विसरून हा आकडा वाचला तर त्याचा निम्मा अर्थ हातून निसटतो. पुढे करांची थोडी भर पडली, २००० नंतर वर्षाला ४ टक्क्यांची वाढ आली, आणि तो आकडा रांगत रांगत ११२ पर्यंत पोचला.

अर्थशास्त्राच्या अगदी पहिल्या धड्यातली एक गोष्ट इथे उजेडात धरावीशी वाटते. किंमत एकाच वेळी दोन कामं करत असते. ती निरोप आणते, की इथे माणसं फार आणि खोल्या थोड्या, तेव्हा बांधणाऱ्यांनो, इकडे या. आणि ती दारात उभी राहते: ज्याला परवडेल तो आत, बाकीचे बाहेर. एक काम निरोप्याचं, दुसरं द्वारपालाचं, पण दोघे मिळून माणूस एकच. कायद्याला तो निष्ठुर द्वारपाल हटवायचा होता. त्याला हटवलं तेव्हा निरोप्याचंही येणं थांबलं. भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधणं मुंबईत जवळजवळ बंद झालं, आणि बांधकामाचा पैसा विकत द्यायच्या फ्लॅटांकडे वळला. एवढा एक साधा विचार मनात धरला, की पुढची पन्नास वर्षं ओळीने उलगडू लागतात.

आणि आता पावतीवर नसलेला शब्द: पागडी. मला हा शब्द अतिशय देखणा वाटतो. पागडी म्हणजे कितीतरी वारांचं कापड, पण घडीवर घडी आणि पेचावर पेच घालत ते माथ्याएवढ्या जागेत मावतं. खोलीच्या पागडीचंही तसंच आहे. बाजारात जे भाडं पडलं असतं आणि कायद्याने जे घेता येत होतं, त्यांतला दरमहाचा फरक. असे पुढच्या कित्येक वर्षांचे फरक गुंडाळून, वळून, त्यांची एक रक्कम केली, तीच ही पागडी. खोली घेताना ती एकदाच, रोख आणि हातोहात द्यायची. जुन्या कायद्याने पागडी घेणं हा गुन्हा ठरवला होता. १९९९ च्या नव्या भाडेनियंत्रण कायद्याने तिला अखेर राजमान्यता दिली. मधल्या साऱ्या काळात ती गुन्हाही होती आणि रूढीही. दाबलेली किंमत नाहीशी होत नाही, दुसऱ्या दाराने बाहेर पडते, हे सूत्र पाठ्यपुस्तकात आलेखावर दाखवतात. मुंबईच्या बोलीने ते एका शब्दात बांधून ठेवलं आहे.

दारं आणखीही होती. भाड्यातून चुन्याचा हातही परवडेना, म्हणून किंमत जिन्याच्या खचलेल्या पायरीतून वसूल झाली, गॅलरीला लावलेल्या टेकूंतून वसूल झाली. मग १९६९ साली इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा आला आणि तो उपकराचा रकाना पावतीवर उमटला. घर दिलं तर परत मिळणार नाही या धास्तीने कुणी खोल्यांना कुलूप ठोकलं, कुणी अकरा महिन्यांच्या करारावर आलं. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की १९४० चं भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही.

भाडेनियंत्रणाचा हाच वाद सॅन फ्रान्सिस्कोच्या निमित्ताने अमेरिकेतही झाला होता. १९४६ साली मिल्टन फ्रीडमन आणि जॉर्ज स्टिगलर या दोन तरुण अर्थशास्त्रज्ञांनी एक छोटी पुस्तिका लिहिली. १९०६ च्या भूकंपात त्या शहरातली निम्म्याहून अधिक घरं गेली, तरी त्यानंतर काही आठवड्यांतच निघालेल्या वर्तमानपत्रात भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती होत्या; १९४६ मध्ये घरं शाबूत होती, भाडी बांधलेली होती, आणि जाहिराती मात्र खोली हवी असणाऱ्यांच्या. दोन जुन्या अंकांतले रकाने शेजारी ठेवून केलेला हा युक्तिवाद मला फार आवडतो. गरिबांची कणव असेल तर विषमतेला उत्पन्नातच हात घाला, घराच्या भाड्यात नको, असंही ते सांगतात. इथे मात्र मी थबकतो. उत्पन्नातली विषमता मिटेपर्यंत १९४७ चा गिरणी कामगार कुठे राहिला असता, याचं उत्तर त्या पुस्तिकेत मला सापडत नाही.

किंमतसिद्धांताचं मोठेपण मला दिसतं ते असं, की तो दोन्ही बाजूंना ऐकू येईल असं बोलतो. भाडेकरू फुकटात राहतात, असं घरमालक म्हणतो, तेव्हा पागडीकडे बोट दाखवता येतं: पुढल्या वर्षांचं भाडं आधीच चुकतं झालं आहे. मालक इमारत सडवतो, असं भाडेकरू म्हणतो, तेव्हा त्या ११२ कडे बोट दाखवता येतं. आणि रात्री तिसरी ट्रेन बदलून नालासोपाऱ्याला पोचणाऱ्या तरुणाकडेही ते वळतं, ज्याच्या नावाची पावती कुणाच्याच पेटीत नाही.

१९८६ च्या दुरुस्तीने म्हाडा कायद्यात एक सूत्र आलं, तेही या पावतीशेजारी ठेवून बघू. सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर उपकरप्राप्त इमारत संपादन करता येईल आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट मोबदला मिळेल. त्यावरून सुरू झालेला वाद नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला आणि २०२४ च्या नोव्हेंबरात त्यातल्या घटनात्मक प्रश्नाचा निकाल लागला. शंभर गुणिले ११२ म्हणजे ११,२०० रुपये. गिरगावात एवढ्यात खोलीची एक फरशीसुद्धा येत नाही. गोठलेल्या आकड्याला शंभराने गुणलं तरी तो गोठलेलाच राहतो.

परवा आत्याने पेटी पूर्ण रिकामी केली. पावत्यांच्या तळाशी एक चिठ्ठी निघाली, घडीवर विरलेली, सराफाच्या हातची. दोन पाटल्या, त्यांचं वजन, मिळालेली रक्कम, आणि आजोबा खोलीत राहायला आले त्याच महिन्याची तारीख. खोलीचा उल्लेख त्या चिठ्ठीत कुठेच नव्हता. आत्याने ती परत घडी केली आणि सगळ्यात खाली ठेवली.