शिबिरे पुष्कळ, लेखन थोडे

सीमाभागात साहित्यावर प्रेम करणारी माणसे पुष्कळ आहेत. गावोगावी संमेलने भरतात, ग्रंथदिंड्या निघतात, आणि आता लेखन-शिबिरांचाही प्रघात पडत चालला आहे. या शिबिरांना येणाऱ्यांत शिक्षक-प्राध्यापकांचा भरणा मोठा असतो. लिहिणाऱ्या शिक्षकाला त्यांतून नेमके काय मिळते, याचा विचार व्हावयास हवा. आमचे मत असे, की त्याला व्याख्याने मिळतात. त्याची खरी गरज असलेले सलग मोकळे दिवस मात्र कोणी देत नाही.

साने गुरुजींचे उदाहरण पाहावे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० त्यांनी शिकविले, छात्रालय सांभाळले आणि मग नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. ‘श्यामची आई’चा बहुतांश भाग त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला. या पुस्तकाची प्रकरणे म्हणजे एकेक ‘रात्र’ आहे. मुलांना जवळ बसवून रोज थोडे सांगणाऱ्या शिक्षकाचीच ही रीत. तिच्यातील उपदेशाला अनेकांनी नावे ठेविली. आम्हांस तो उपदेश त्या सांगण्याचाच भाग वाटतो. सांगण्याची ही धाटणी वर्गाने आणि छात्रालयाने दिली. ती कागदावर उतरविण्यास लागणारे दिवस तुरुंगात मिळाले. तुरुंगाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या समाजाने शिक्षकाला असे पाच दिवस एरवी कधी दिले, एवढेच विचारावयाचे आहे.

यावर कोणी बेळगावच्या इंदिरा संतांचे नाव घेईल. १९४६ मध्ये पतिनिधन झाल्यावर नोकरी आणि मुलांचे संगोपन सांभाळून त्यांनी ‘शेला’ (१९५१) पासून ‘गर्भरेशीम’ (१९८२) पर्यंत सातत्याने कविता लिहिली. हा दाखला खरा आहे. पण तो कवितेचा आहे. छोटी भावकविता कामाच्या गर्दीतही मनात घोळत राहू शकते. दीर्घ गद्याला बैठक लागते. काल सोडलेला धागा आज हाती यावा लागतो.

त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत कराडला भूशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या लंपनच्या कथांचा ‘वनवास’ हा पहिला संग्रह १९९४ मध्ये, त्यांच्या वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षाच्या सुमारास आला. तो उशिरा का आला, याची चर्चा येथे करावयाची नाही. मात्र कानडीच्या शेजाराने वळण घेतलेली आपली घरगुती मराठी, जिला आपणच चारचौघांत ‘अशुद्ध’ म्हणून दडवीत होतो, ती उत्तम गद्याची भाषा होऊ शकते, हे त्या कथांनी दाखविले. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेल्या आपल्या कुटुंबांना हे ऋण विसरता येणार नाही.

आज ही बोली रोज ऐकतो कोण? मराठी शाळेचा शिक्षक. घरी एक, गल्लीत दुसरी आणि पुस्तकात तिसरी भाषा घेऊन येणारे मूल त्याच्यासमोर बसलेले असते. त्याने लिहिले नाही, तर ते मूल साहित्यात येणार कसे? आणि त्याने लिहावे तरी केव्हा? २००१ आणि २०११ च्या जनगणनेच्या वेळी शिक्षकांच्या नेमणुकांचे आदेश आमच्याच सहीने निघत. त्यांतील एक कादंबरी लिहीत होता. ‘साहेब, एवढा मे महिना सोडा,’ असे तो म्हणाला. नियमात बसत नव्हते. आम्ही सोडले नाही. त्याची कादंबरी पुढे आमच्या वाचनात आली नाही.

अमेरिकेत १९७४ साली बर्कलेच्या विद्यापीठात जेम्स ग्रे यांनी शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला. लेखन शिकविणाऱ्याने स्वतः लिहिले पाहिजे, हे त्याचे सूत्र. शिक्षकांनी तेथे स्वतः लिहावयाचे आणि एकमेकांना वाचून दाखवावयाचे. आपल्या शिबिरांत शिक्षक पुन्हा विद्यार्थी होऊन टिपणे काढीत बसतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आपल्या मंडळाने दसऱ्याच्या सुट्टीत संकेश्वरी, हिरण्यकेशीच्या परिसरात, आठ-दहा लिहित्या शिक्षकांची पाच दिवस निवासाची सोय करावी. उद्घाटक नको, प्रमुख पाहुणे नकोत, प्रमाणपत्रही नको. दिवसभर प्रत्येकाने आपापले लिहावे आणि रात्री जेवणानंतर त्यातील चार पाने इतरांना वाचून दाखवावीत. शिक्षिकांनाही येता यावे, म्हणून त्यांच्या घरच्यांशी मंडळाच्या ज्येष्ठ भगिनींनी आधीच बोलावे. घरची जबाबदारी सुटल्यावाचून त्यांना हे पाच दिवस मिळणार नाहीत. एका वर्षाच्या शाली, श्रीफळे आणि हारतुरे वाचविले, तर खर्चाचा मोठा भाग भागेल.

पाच दिवसांत प्रत्येक वेळी ‘श्यामची आई’ होत नसते, हे आम्ही जाणतो. कोणाची वीसच पाने होतील, कोणी जुने बाड फाडून टाकील. तेही चालेल. आमच्या हातून एका शिक्षकाचा मे महिना गेला. तो परत देता येत नाही. निदान पुढच्यांना पाच दिवस द्यावेत, अशी विनंती आहे.