मांडीच्या हाडाची लांबी

प्राचीन ग्रीसमधील सांगाड्यांवरचे लेखन वाचताना एक गोष्ट मला सतत खटकते. जखम दिसली की अभ्यासक युद्ध शोधू लागतात. १९७७मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांनी व्हर्गिना येथील राजथडगे उघडले. तिथल्या कवटीच्या उजव्या डोळ्याच्या खोबणीवरील खाच फिलिप राजाला लागलेल्या बाणाची की दहनात पडलेल्या तड्याची, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला. वाद मोलाचा, पण तो राजाचा.

मनगटापासून कोपरापर्यंतचे एखादे हाड मोडून भरलेले आढळले, की ‘वार अडवताना मोडले’ असे सर्रास लिहितात. ते पडूनही मोडते. माझा प्रश्न निराळा आहे: ते भरेपर्यंत त्या माणसाचे काम कोणी केले? हिप्पोक्रेटिसच्या नावावरील अस्थिभंगाच्या ग्रंथात या हाडांना साधारण ३० दिवस सांगितले आहेत, वय आणि प्रकृतीनुसार फरक पडतो अशी पुस्ती जोडून. नडगीला ४०. तेवढे दिवस कोणीतरी त्याला पाणी आणून दिले असणार.

त्याच ग्रंथात बजावले आहे, की हात आखूड झाला तर झाकता येतो, मांडी आखूड झाली की लंगडेपण उघडे पडते. त्यापेक्षा दोन्ही मांड्या मोडलेल्या बऱ्या, निदान सारख्या तरी राहतील! हा विनोद नव्हे, पायी चालून पोट भरणाऱ्यांच्या वैद्याचा हिशेब आहे. म्हणून भरलेल्या मांडीच्या हाडाची लांबी दुसऱ्या पायाशी ताडून पाहावी. पाय ताणून नीट बांधणारे हात लाभले होते का, याचा माग तिथे लागू शकतो. तो पाय मालकाचा की गुलामाचा, हे मात्र हाड सांगत नाही.