कर्ता नसलेले चित्र

चित्रपट-समीक्षेत जाहिरातीला सहसा जागा नसते. तरी एका जाहिरातीची दखल घेणे आम्हाला आवश्यक वाटते. 2016 मध्ये कराचीतील रोशनी हेल्पलाइन या संस्थेसाठी ती तयार झाली. गल्लीत मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलून पसार होतात. लगेच परततात, मुलाला उतरवतात आणि मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा फलक दाखवतात.

हे सारे सीसीटीव्हीने टिपावे तसे दिसते. ही शैली साधणे कठीण नाही. कॅमेरा उंचावर, एका जागी खिळलेला; चित्र धूसर, रंग उडालेले; कोपऱ्यात तारीख-वेळ; ना संगीत, ना संवाद, ना कुणाचा चेहरा जवळून. दिग्दर्शक स्वतःच्या खुणा पुसतो आणि प्रेक्षकाला वाटते, हे कुणी रचलेले नाही, यंत्राने नुसते पाहिले आहे. या शैलीचे बळ या समजातच आहे.

दिबाकर बॅनर्जी यांनी 'लव्ह सेक्स और धोखा' (2010) मध्ये एक अख्खी गोष्ट दुकानातील सुरक्षा कॅमेऱ्यांच्या नजरेतून सांगितली. तिथे आपण चित्रपट पाहत आहोत हे प्रेक्षकाला ठाऊक असते, म्हणून त्या नजरेतला चोरटेपणा त्यालाच टोचतो. कराचीच्या फितीत मात्र रचितपणाची कबुली फक्त शेवटी होती. कुणीतरी तो शेवट कापला आणि 2018 मध्ये उरलेला तुकडा मुले पळवणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून भारतात व्हॉट्सअॅपवर फिरला. हेतू चांगला होता. पण ज्या कृतीचे सत्य एका कात्रीने वेगळे होते, तिची बांधणी कच्ची आहे, असेच आम्ही म्हणू.

अशाच फितींनी आणि निरोपांनी त्या वर्षी भीतीची हवा तयार झाली होती. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी गावोगाव हिंडणारे. बहुतेक आपल्या सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. उंचावरचा कॅमेरा माणसाला नाव, गाव, भूक काहीच देत नाही. त्या रिकाम्या जागेत पाहणारा आपली भीती भरतो. पोशाखावरून संशयित ठरणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

न्यायालयात असे चित्रण दाखल करायचे तर ते कोणत्या यंत्रातून आले याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. हातातला मोबाइल असे काही विचारत नाही; तो प्रश्न समीक्षेने विचारायचा आहे. आमच्या तरुण फिल्मकारांना आमचे सांगणे एवढेच की, ही शैली जरूर वापरा, पण रचल्याची खूण चित्राच्या प्रत्येक तुकड्यात विणा. शेवटावर विसंबू नका.