हवेली आणि पत

इस्मत चुगताई यांच्या अप्रकाशित कथेवरून कैफी आझमी व शमा झैदी यांनी 'गर्म हवा' (१९७३) या चित्रपटाची पटकथा रचली, दिग्दर्शन एम. एस. सथ्यू यांचे. फाळणीनंतरच्या आग्र्यातील जोड्यांचा कारखानदार सलीम मिर्झा आणि त्याची वडिलोपार्जित हवेली यांची ही कथा आहे.

हवेली कागदोपत्री थोरल्या भावाच्या नावावर आहे. तो पाकिस्तानात जाताच ती 'निष्क्रांत मालमत्ता' ठरते आणि मागे राहिलेला सलीम बेघर होतो. वृद्ध आईला हा कायदा उमगत नाही. नववधू म्हणून ज्या घरात ती आली तेथेच तिला देह ठेवायचा आहे. अखेरच्या घटकेला तिला पालखीतून तेथे आणावे लागते. सलीमची ओढ याहून निराळी आहे. व्यापाऱ्याचे घर ही त्याची पत असते. उद्या देश सोडून जाईल अशी ज्याच्याविषयी शंका, त्याला कर्ज कोण देणार आणि भाड्याने जागा तरी कोण देणार? पुढे हवेलीचा नकाशा भावाला पाठविल्यावरून त्याच्यावर हेरगिरीचा आळ येतो. घराविषयीच्या ममत्वाचा असा विपर्यास या पटकथेतील सर्वांत विदारक प्रसंग होय.

शेवटी स्थानकाकडे निघालेला टांगा सोडून सलीम मोर्चात मिसळतो. हा शेवट काहींना प्रचारकी वाटतो. परंतु हवेली गमावलेल्या माणसाने शहरावरील आपला हक्क सोडू नये, ही त्याच्या ओढीचीच स्वाभाविक परिणती आहे.